काळ्या गाडीवरचं जाळं मशीनने काढायचं असेल तर

नाशिकच्या एका गाडीमालकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: गाडी काळी सेडान, साडेतीन वर्षांची. सावलीत छान दिसते, पण उन्हात उभी केली की बोनेट आणि डिकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे उठून दिसतात. ओळखीचा गॅरेजवाला 'रबिंग-पॉलिश मारून देतो, नवी दिसेल' म्हणतो. त्यांच्या मनात मात्र पॉलिशर विकत घेऊन घरीच करायचं आहे. मशीन कुठलं घेऊ आणि कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, कुठलं, एवढंच त्यांनी विचारलंय.

घरी जमेल. मी हे काम सोळा वर्षं करतोय, पहिली पाच एका गॅरेजात रबिंगवर आणि नंतर पुण्यात स्वतःच्या छोट्या डिटेलिंगच्या (गाडी बारकाईने साफ-पॉलिश करण्याच्या) दुकानात. पहिल्यांदाच मशीन हातात धरून नीट काम केलेले घरगुती लोक मी पाहिलेत. पण कंपाउंडचं नाव हा यातला अगदी शेवटचा प्रश्न. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. तुमच्या गाडीवर घासून काढण्यासारखं किती शिल्लक आहे? आणि एकदा काढलेलं जाळं परत पडतंय ते कशाने?

जाळं म्हणजे काय ते आधी बघा. रात्री गाडीवर मोबाइलची टॉर्च धरा. टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती गोल जाळं दिसेल. आता टॉर्च एक हात बाजूला न्या. जाळंही तिच्याबरोबर सरकेल. म्हणजे चरे गोल नाहीतच. ते सरळ आहेत, वेड्यावाकड्या दिशांनी हजारोंनी पडलेले. त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळं असल्यासारखं वाटतं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर एवढेच चरे असतात, पण तिथे सगळा पृष्ठभागच उजळ असल्याने ते लपतात. काळ्यावर प्रत्येक चरा पांढऱ्या धाग्यासारखा दिसतो.

हे चरे पत्र्यावर नाहीत, काळ्या रंगावरही नाहीत. गाडीच्या पत्र्यावर खालून वर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. ऊन सोसायचं काम याच थराचं. तो फार पातळ झाला की आज काही दिसत नाही, पण काही उन्हाळ्यांनी छतावर आणि बोनेटवर पांढरट चट्टे पडायला लागतात, पापुद्रे सुटतात, आणि मग पॉलिशने काही होत नाही. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

पॉलिश चरा भरत नाही. फळीतला खड्डा घालवायला सुतार जसा आजूबाजूची फळी रंध्याने खाली आणतो, तसंच इथे होतं. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणायचा. म्हणजे प्रत्येक पॉलिशिंग हा त्या ३५-५० मायक्रॉनमधला खर्च आहे. हलक्या हाताच्या एका फेरीत मायक्रॉन-दोन मायक्रॉन जातात, जोरकस कटिंग केलं तर तीन ते पाच. साडेतीन वर्षांच्या गाडीला आणखी दहा वर्षं चालायचंय. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो की शंभर टक्के चरे काढायच्या मागे लागायचं नाही. दहातले आठ गेले की उन्हात गाडी वेगळीच दिसते, आणि उरलेल्या दोनांसाठी तेवढाच क्लिअर कोट परत खर्च होतो.

गॅरेजातल्या रबिंगबद्दल थोडं. तिथे मी स्वतः पाच वर्षं तेच केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची नाहीत. गोल फिरणारं रोटरी मशीन, त्याला लोकरीचा पॅड, जाडसर कंपाउंड, आणि वरून तेलकट ग्लेझ. दोन तासांत गाडी आरशासारखी होते. पण त्या ग्लेझने चरे नुसते बुजवलेले असतात. तीन-चार धुण्यांत ते निघून जातं आणि जुन्या चऱ्यांबरोबर रोटरीच्या फेऱ्यांच्या धुरकट रेघा वर येतात. उन्हात गाडीभोवती चाललं तर त्या आपल्याबरोबर हलतात, आम्ही त्याला होलोग्राम म्हणतो. काळ्या गाडीवर हे जाळ्यापेक्षाही वाईट दिसतं. कारागीर वाईट नसतो, पण मिळणाऱ्या पैशात त्याला दोनच तास देता येतात. काळी गाडी दोन तासांत होत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे ते. आधी कुणी रबिंग केलंय का? गाडी कुठे रंगवलीय का? डिटेलिंगच्या दुकानात जाऊन रंगाची जाडी मोजून घ्या. मीटर पत्र्याला टेकवला की आकडा येतो, दहा मिनिटांचं काम आहे. बोनेट, छत, चारही दरवाजे, डिकी, फेंडर, प्रत्येक ठिकाणी चार-पाच जागी मोजायचं. सगळीकडे ११०-१२० आणि एका दरवाजावर २२० आलं तर तो दरवाजा परत रंगवलेला आहे. ५०० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. एखाद्या भागात आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली, म्हणजे ८० च्या आसपास आला, तर तिथे आधी कुणीतरी बरंच घासलेलं असू शकतं. त्या भागाला फक्त फिनिशिंग, म्हणजे चकाकीसाठीची हलकी फेरी, करायचं किंवा हातच लावायचा नाही. हा मीटर सगळे थर मिळून मोजतो, एकट्या क्लिअर कोटचा आकडा सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर तो चालतच नाही. स्वस्त मीटरमध्ये दोन-तीन मायक्रॉन इकडेतिकडे होणं नेहमीचं, त्यामुळे 'माझे नेमके किती मायक्रॉन गेले' हे त्याच्यावरून ठरवायला जाऊ नका. धोक्याची जागा आधी कळावी म्हणून तो वापरायचा.

दुसरी गोष्ट क्लिअर कोट किती कडक आहे ती. काहींचा इतका मऊ असतो की मायक्रोफायबरनेही खूण उठते, काहींचा इतका कडक की हलकं पॉलिश नुसतं वरून फिरत राहतं. गाडीच्या नावावरून मी ठरवत नाही. एकाच मॉडेलच्या दोन काळ्या गाड्या वेगळ्या वागलेल्या मी पाहिल्यात. गॅरेजात रंगवलेला भाग कंपनीच्या रंगापेक्षा बहुतेक वेळा मऊ असतो. हे कळायला एकच मार्ग आहे, बोनेटवर छोट्या चौकोनात करून बघणं. त्याकडे येतोच.

मशीन घेताना 'ड्युअल अ‍ॅक्शन' असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. स्वस्तात मिळणारी बरीच मशीनं ग्राइंडरसारखी एकाच अक्षावर फिरणारी असतात. त्यांचा पॅड एका जागी गोल फिरतो, उष्णता एकाच ठिकाणी साठते, आणि क्षणभर हात थांबला तरी रंग भाजतो. ड्युअल अ‍ॅक्शनचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी डगमगतोही, त्यामुळे उष्णता पसरते आणि होलोग्राम जवळजवळ उठत नाहीत. घरच्या कामाला पॅड लावायची ५ इंची प्लेट आणि १५ मिलीमीटर थ्रो (डगमगताना पॅड जेवढा हलतो ते अंतर) पुरे. २१ चा थ्रो मोठ्या सपाट भागावर झपाट्याने काम करतो, पण वळणांवर नवख्याच्या हातात फिरणं थांबतं. मशीन आल्या आल्या प्लेटच्या कडेला पांढऱ्या मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ एका जागी थरथरत असेल तर पॅड नुसता हलतोय, काटत नाहीये. म्हणजे एकतर तुम्ही जास्त दाबताय किंवा मशीन तिरकं धरलंय.

पॅड हे अर्धं काम. एकाच पॉलिशने कडक फोमवर चरे निघतात आणि मऊ फोमवर चकाकी येते. रंगावरून निवडू नका, एका कंपनीचा केशरी पॅड दुसरीकडे वेगळ्याच ताकदीचा निघतो. मधल्या ताकदीचे पाच आणि फिनिशिंगचे तीन घ्या. एका पॅडवर अख्खी गाडी कुणी करू नये, तो गरम होतो, भरतो आणि मग चरे पाडतो. आता कंपाउंड. मेंझर्ना, थ्रीएम, मेग्वायर्स, सोनॅक्स यांच्यापैकी कुणाचंही एक मध्यम कटचं, म्हणजे मध्यम घासणारं, आणि एक फिनिशिंगचं पॉलिश घेतलंत तर चालेल. दोन्ही एकाच कंपनीची घ्या, म्हणजे एकमेकांबरोबर जुळून वागतात. सगळ्यात जाड कंपाउंडची बाटली आत्ता घेऊच नका. घरात असली की हात तिच्याकडे जातो.

धुणं आणि साफ करणं हे मशीनच्या आधीचं काम, आणि घाई सगळ्यात जास्त इथेच होते. शाम्पूने धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून अलगद फिरवा. खरखर लागली तर धुळीपलीकडचं काहीतरी चिकटलंय. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण असतील तर आयर्न रिमूव्हर मारल्यावर जांभळे ओघळ येतात. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढायचे, आणि उरलेलं क्ले बारने, म्हणजे घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलसर ठेवून. क्ले काळ्या रंगावर स्वतःही बारीक खुणा सोडते, म्हणून पॉलिश करायचंच असेल तेव्हाच ती वापरायची. बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग ही वेगळी भानगड. त्यातले वरवरचे क्षार वॉटर स्पॉट रिमूव्हरने जातात, पण उन्हात वाळून रंगात खड्डा करून बसलेले राहतात.

मग टेप. काळं प्लास्टिक, रबराचं बीडिंग, बॅज, हेडलाइटची कड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्र्याच्या धारा आणि बॉडी लाइन, म्हणजे पत्र्यातल्या घडीची उठावदार रेघ. धारेवर रंग नेहमीच पातळ बसतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका काळ्या गाडीच्या फेंडरवरच्या बॉडी लाइनवर मी टेप लावली नव्हती. रोटरी मशीन त्या रेषेवरून तीन वेळा गेलं. चौथ्या फेरीला पुसून बघितलं तर बोटभर लांबीचा भाग मॅट दिसत होता. वाटलं अजून पॉलिश राहिलंय, म्हणून परत पुसलं. फडक्यावर काळा डाग आला. क्लिअर कोट संपून खालचा रंग निघायला लागला होता. तो फेंडर माझ्या खर्चाने रंगवून दिला. फडक्यावर तो काळा रंग बघून हाताला आलेला थंडपणा अजून आठवतो. तेव्हापासून धारांवर टेप लावल्याशिवाय मशीन चालू करत नाही, आणि टेप काढल्यावर त्या धारा हातानेच करतो. एक अपवाद सांगून ठेवतो. जुन्या पद्धतीचा, क्लिअर कोट नसलेला रंग असेल तर पॅडवर पहिल्याच मिनिटाला गाडीचा रंग येतो आणि त्यात बिघाड काही नसतो. तुमच्या साडेतीन वर्षांच्या सेडानवर मात्र पॅड काळा झाला तर तिथल्या तिथे थांबा.

जागा सावलीची हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. मे महिन्यात दुपारी उन्हातून आणलेलं काळं बोनेट तासभर तरी तापलेलं राहतं, त्याच्यावर पॉलिश लगेच वाळतं आणि ओढतं. सकाळी लवकर सुरू करा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पट्ट्याचं बक्कल झाकलं जाईल असं काहीतरी घाला, आणि मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर तीच बोनेटवर घासत राहते.

आता चौकोन. बोनेटच्या मधोमध टेपने दीड फूट बाय दीड फूट आखा. सुरुवात सगळ्यात हलक्या जोडीने, फिनिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब, मशीन बंद ठेवून ते चौकोनभर टेकवायचे, मग कमी वेगावर पसरायचे आणि वेग चार-पाचवर न्यायचा. हात इस्त्रीपेक्षाही सावकाश चालला पाहिजे, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढली पाहिजे. आडव्या एकदा, उभ्या एकदा, असं करत चार ते सहा फेऱ्या. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त. झाल्यावर पुसा, आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व चार भाग डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण मारून परत पुसा. पॉलिशमधलं तेल गेल्याशिवाय खरं काय झालंय ते दिसत नाही. हे मिश्रण पेट घेणारं आहे, जवळपास विडी-काडी नको आणि हवा खेळती हवी.

बघायचं टॉर्चने, तिरपं धरून. ट्यूबलाइटखाली प्रत्येक गाडी छान दिसते. बरेच चरे गेले असतील तर हीच जोडी अख्ख्या गाडीला लावा. नाही गेले तर पॉलिश तेच ठेवून पॅड मधल्या ताकदीचा घ्या. तरी नाही तर पॅड तोच आणि पॉलिश मध्यम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. मधल्या जोडीनंतर काळ्यावर हलकी धुरकट छटा राहिली तर ती फिनिशिंगच्या फेरीत जाते. हा चौकोन करायला मला अजूनही अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो वेळ वाया गेला असं कधीच वाटलं नाही.

मऊ काळ्या रंगाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक खचतात ते इथेच. दोन वर्षांपूर्वी दुकानात आलेल्या एका काळ्या गाडीवर फिनिशिंग नीट होत होतं, पण पुसलं की परत बारीक रेघा. पॅड बदलला, पॉलिश बदललं, वेग कमी केला. दुपारपर्यंत आम्ही तिघंजण त्या एका दरवाजाभोवती होतो. शेवटी आमच्या मुलाने टॉवेल उलटा करून बघितला. कोपऱ्यात शिवलेली कंपनीची पट्टी कडक झाली होती, आणि पुसताना बोटांखाली तीच येत होती. पॉलिश बरोबर होतं, टॉवेल चरे पाडत होता. टॉवेल आणल्यावर पट्टी उसवून टाका, जाड शिवणीचे घेऊ नका. शंका आली तर जुन्या सीडीच्या चकचकीत पाठीवर टॉवेल दाबून घासा. तिथे रेघ उठली तर तो टॉवेल चाकांसाठी ठेवा. खाली पडलेला टॉवेल किंवा पॅड, कितीही झटकला तरी, धुतल्याशिवाय परत गाडीला लावू नका. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. मशीनने उमटणारी छोटी वेटोळी बहुतेक वेळा पॅडखाली आलेल्या एखाद्या कणाची असतात.

नखात अडकणारा ओरखडा सोडून द्या. तो तळापर्यंत जाऊन काढायचा तर तिथला क्लिअर कोट संपेल. आजूबाजूला चकाकी आली की तो पूर्वीएवढा डोळ्यांत येत नाही. पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेल्या खड्ड्यालाही हेच लागू.

अख्ख्या सेडानला नवख्या हाताला दोन रविवार धरा. आज बोनेट आणि छत, पुढच्या वेळी बाकीचं. दमलेल्या हाताने धारा करू नयेत.

आणि आता हे जाळं पडतंय कुठून? नव्वद टक्के गाड्यांवर, माझ्या अंदाजाने, सकाळच्या फडक्याने. सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत, एका फडक्याने पंधरा-वीस गाड्या करतो. रात्री बसलेल्या धुळीत रेतीचे कण असतात. रेतीतलं क्वार्ट्झ खनिजांच्या कडकपणाच्या मोहस् मापावर ७ भरतं, क्लिअर कोट त्याच्यापुढे लोणी आहे. तो कण फडक्यात अडकला की प्रत्येक हाताबरोबर एक रेघ. त्या माणसाला काढून टाकू नका. पगार तोच ठेवा, आणि त्याला सांगा की भाऊ, काचा, चाकं आणि आतलं करा, पत्र्याला हात लावू नका. माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी असं केलंय आणि कुणाचीच तक्रार नाही. झटकायचा ब्रश, पिसांचा झाडू, धुळीवर घातलेलं कव्हर, हे सगळं त्याच पंगतीतलं. वाऱ्याने कव्हर हललं की खालची धूळ रात्रभर घासत राहते. दसऱ्याला बोनेटवर हार घालताना तारेवर ओवलेला नको, दोऱ्याचा घ्या, आणि गाडी चालवण्याआधी काढून ठेवा. कुंकवाचा टिळा काचेवर लावलात तर रंगावर डाग राहायची भीती नाही.

धुताना आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहवून टाका. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी. मिट (धुवायचा मऊ हातमोजा) प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. वरून खाली, खालचे दरवाजे आणि बंपर शेवटी. टॉवेल ओढून पुसायचा नाही, ठेवून टिपायचा.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर, याबद्दल पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. कोटिंगच्या जाहिरातीतला '९एच' हा पेन्सिलच्या कडकपणाचा आकडा आहे, खनिजांच्या मापाचा नाही. रेतीचा कण कोटिंगवरही रेघ ओढतो. फायदा इतकाच, आणि तो खरा आहे, की घाण कमी चिकटते आणि धुताना कमी घासावं लागतं. पहिल्यांदा घरीच पॉलिश करताय तर एक चांगला सीलंट (काही महिने टिकणारा संरक्षक थर) लावा आणि तीन-चार महिन्यांनी परत लावा. धुण्याची सवय बसली की कोटिंगचा विचार करा. आधी केलंत तर उरलेले चरे त्याच्याखाली बंद होतील आणि काढायला कोटिंगही घासावं लागेल.

जाडी मोजून आलात की आकडे कळवा. बोनेटवर सगळीकडे १०० च्या वर असेल तर वर सांगितलं तसा चौकोन करायला हरकत नाही. त्याचा फोटो पाठवाल तर सकाळी नऊच्या तिरप्या उन्हात, निम्मा चौकोन आणि निम्मा न केलेला भाग एकाच फ्रेममध्ये येईल असा काढा.